चारुताईंचा मोतिया

माणसाचा स्वभाव चेहऱ्यावर दिसतो असं ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं, त्याने आमच्या चारुताईंना पाहिलेलं नव्हतं. नागपूरच्या इतवारीतल्या एका साड्यांच्या दुकानात त्या अठ्ठावीस वर्षं गादीवर बसत आल्या. एखादीने चाळीस साड्या उलगडायला लावाव्या, 'पाहून येते' म्हणून उठून जावं, आणि तिलाही चारुताईंनी 'या हो परत, नवीन माल येऊन राहिला' म्हणत हसून निरोप द्यावा, असा स्वभाव. पण चेहरा पाहिला की वाटायचं, या बाईला आत्ताच कोणीतरी झोपेतून उठवलं आहे आणि ही आता त्याला सोडणार नाही.

दोष सगळा पापण्यांचा. त्या आईकडून आलेल्या. तिशीतही जडच होत्या, पण पन्नाशी उलटली तशी वरची कातडी सैल पडली आणि घडी होऊन डोळ्यांवर उतरून बसली. नजरेला काही झालेलं नव्हतं. ती इतकी शाबूत होती की सुईत दोरा ओवायला सारं दुकान त्यांच्याकडे यायचं.

आणि रंग! तुम्ही-आम्ही पांढऱ्याला पांढरा म्हणतो आणि मोकळे होतो. चारुताईंच्या लेखी पांढरे नऊ होते. दुधी वेगळा, सायीचा वेगळा, कापरी वेगळा, हस्तिदंती वेगळा, मोतिया तर अगदीच वेगळा. दुकानात बौद्ध घरांतल्या लग्नांचं गिऱ्हाईक मोठं, आणि तिथे नवरी पांढरं नेसते. चारुताई स्वतः त्याच घरांतल्या. त्यांच्या लग्नात सासरकडून आलेल्या साडीला नीळ जास्त झाली होती आणि फोटोत त्या आजारी दिसतात, याचा राग त्यांच्या मनातून कधी गेला नाही. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या नवरीवर ती वेळ येऊ द्यायची नाही असं त्यांनी जणू व्रतच घेतलं होतं. नवरीच्या मनगटावर पदराचं टोक ठेवायचं, क्षणभर पाहायचं आणि सांगायचं, "हा नको. हा तुले फिकं पाडते. तो खालचा काढ वं, रोशनी."

ही रोशनी म्हणजे बेसा भागातल्या त्यांच्या शेजारणीची, अंजनाबाईंची भाची. तिला दुकानात चारुताईंनीच लावून दिलं होतं.

गेल्या दिवाळीनंतरच्या लगनसराईत एक मुलगी मैत्रिणींना घेऊन आली. चारुताईंनी तिच्यापुढे सहा साड्या टाकल्या असतील-नसतील, ती दुकानाच्या मालकाकडे वळून म्हणाली, "भैया, या काकूंना झोप येऊन राहिली. दुसरं कोणी नाही का?" मालक ऋषिकेश बत्तीस वर्षांचा, वडिलांमागे दुकान सांभाळणारा सज्जन माणूस. त्याने हसून विषय टाळला आणि रोशनीला पुढे बसवलं. गिऱ्हाइकापुढे दुसरं काय करणार? पण मग तशी सवयच पडली. तरुण मुली आल्या की रोशनी, वयस्क बायका आल्या की चारुताई. कोणी कोणाला काही बोललं नाही. दारासमोरची गादी चारुताईंची होती, तीवर त्या रोज थोड्या थोड्या कडेला सरकत गेल्या.

दोन महिने त्यांनी ते गिळलं. मग भिशी लागली तशी एका दुपारी त्या धंतोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या, सगळं विचारून आल्या आणि घरी नवऱ्याला सांगितलं. बळीरामभाऊ वीज मंडळातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर खांबावर चढून तारा जोडल्या, पण डॉक्टरचं इंजेक्शन पाहिलं की तोंड फिरवणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दुखन का वं फार?"

"नाही म्हणते डॉक्टर."

"मंग कर."

दुकानात चारुताईंनी सांगितलं, डोळ्याचं छोटंसं काम आहे, पंधरा दिवस येणार नाही. याहून जास्त सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. छप्पन्नाव्या वर्षी बाई चांगलं दिसायला ऑपरेशन करते म्हटल्यावर इतवारीत त्याचं काय काय झालं असतं, हे इतवारीत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईला कोणी सांगायची गरज नव्हती.

मार्चच्या शेवटी ऑपरेशन झालं. दोन्ही पापण्या, बधिर करून, तासाभराचं काम. दुपारी घरी आल्या त्या डोळे मिटूनच. बळीरामभाऊंनी पाठीला तीन उशा लावून त्यांना बसतं केलं, कूलर लावला आणि थंड पाण्यात भिजवलेल्या गॉजच्या घड्या एकेक करून डोळ्यांवर ठेवू लागले. तेवढ्यात फोन वाजला. रोशनीचा होता.

"काकाजी, काकूच्या डोळ्याले झालं तरी काय? आन् तेवढं विचारा ना, वंदनाताईच्या पोरीसाठी काकूनं कोणती साडी बाजूले काढून ठेवली? त्या येऊन बसल्या इथं."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, हे बळीरामभाऊंना बजावून ठेवलेलं होतं. त्यामुळे त्यांनी दुसरा तेवढा बायकोला विचारला. "कोणती साडी ठेवली म्हणते वं वंदनाताईची?"

गॉजखालून क्षीण आवाज आला, "मोतिया."

"मोतिया म्हणते," बळीरामभाऊंनी फोनमध्ये सांगितलं आणि फोन ठेवून दिला, कारण गॉजचं पाणी ओघळून चारुताईंच्या कानात चाललं होतं.

आता नागपुरात मोतिया म्हणजे साडीचा रंग आणि मोतिया म्हणजे मोतीबिंदूसुद्धा. हिंदीच्या शेजारात राहून आम्ही तो शब्द दोन्हीकडे वापरतो आणि आजवर आमचं कधी अडलं नव्हतं. रोशनीने प्रश्न दोन विचारले होते, उत्तर एकच आलं, आणि ते दोन्हीकडे चपखल बसलं. तिने वंदनाताईंना साडी दिली आणि दुकानभर सांगितलं, काकूचा मोतिया काढला.

संध्याकाळी अंजनाबाई पपई घेऊन हजर. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसल्या. "मोतिया झाला आन् मले सांगितलं नाही वं, चारू? माह्या दोन्ही डोयांचा झाला ना. लेन्स कोणती टाकली, देशी का बाहेरची?"

चारुताईंनी काळ्या चष्म्याआडून बळीरामभाऊंकडे पाहिलं. बळीरामभाऊंना फोनवर काय घडलं ते हळूहळू उमगत होतं. ते काहीतरी बोलायला गेले, पण बायको गप्प आहे हे पाहून त्यांनी तोंड मिटलं.

"देशी," चारुताई म्हणाल्या.

"दोन्ही एकदमच काढले? माहे तं सहा महिन्यांच्या फरकानं काढले."

"डॉक्टर म्हणे, दोनदा दोनदा काहून चकरा मारता," बळीरामभाऊ म्हणाले.

"आन् हे चष्म्याखाली जांभयं काय दिसते? माह्या डोयाभवती असं काही नव्हतं झालं."

"हिची कातडी नाजूक आहे."

अंजनाबाईंना ते पटलं, किंवा पटलं असं त्यांनी दाखवलं. खाली वाकू नको, केस धुऊ नको, चण्याची डाळ खाऊ नको, असं सगळं सांगून त्या गेल्या. दार लागल्यावर बळीरामभाऊ हसू दाबत म्हणाले, "फोनवर मी काही खोटं नाही बोललो वं. तूच मोतिया म्हटलं." नवरा-बायको दोघेही हसले. हसताना टाके ओढले गेले म्हणून चारुताई कळवळल्या आणि तरी हसत राहिल्या. त्या दिवशी त्यांना वाटलं, आयतीच ढाल मिळाली. आता कोणी काही विचारणार नाही.

सातव्या दिवशी टाके निघाले. घरी येऊन त्या आरशापुढे उभ्या राहिल्या आणि मटकन खालीच बसल्या. उजवा डोळा डाव्यापेक्षा मोठा दिसत होता. खाली जांभळं-पिवळं पसरलेलं आणि पापणीवर लाल रेघ. "घुबड दिसून राहिली मी," त्या म्हणाल्या. "चांगली होती ते काहून बिघडवलं मी?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, सूज दोन्हीकडे सारखी उतरत नाही, महिनाभर थांबा. पण आरशापुढे बसलेल्या बाईला महिना फार मोठा असतो. त्या रडल्या, आणि रडताना डोळे इतके चुरचुरले की रडणंही धड झालं नाही.

बळीरामभाऊंनी आरशावर टॉवेल टाकला. समजूत घालणं त्यांना जमत नाही, कधीच जमलेलं नाही. त्यांनी चहा केला आणि साखर दोनदा घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर चारुताई पडल्या होत्या. नव्या पापण्या अजून ताठ होत्या, झोपेत पूर्ण मिटत नसत, बारीक फट राहायची. म्हणून डॉक्टरांनी मलम दिलं होतं. मलमाची ट्यूब घेऊन बळीरामभाऊ पलंगाच्या कडेला बसले. फट दिसत होती, म्हणजे झोपली आहे असं त्यांनी धरलं. चारुताई जाग्या होत्या, पण बोलायचा कंटाळा म्हणून तशाच पडून राहिल्या.

"लग्नाच्या दिवशी," बळीरामभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "तू माह्याकडं एकदाही डोळे वर करून पाहिलं नाही. मी सहा महिने समजून बसलो, पोरीले मी पसंत नाही. घरच्यांनी बळजबरीनं दिली. रोज ड्युटीवरून येताना वाटे, आज बॅग भरून माहेरी गेली असन. मंग एक दिवस माह्या हातून दुधानं भरलेलं गंज सांडलं आन् तू खळखळून हसली, तरी डोळे तसेचे तसे. तेव्हा समजलं, डोळेच तसे आहेत." ते थोडं थांबले. "आता तू टक्क उघडून पाहशील, आन् म्हणशील, हा असा आहे होय बुढा."

चारुताईंच्या पापण्यांच्या फटीतून पाणी आलं आणि कानाकडे गेलं. प्रेम, लाज आणि छत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या घाबरलेल्या लाइनमनची कीव, सगळं एकदम दाटून आलं.

"मलम लावा आधी," त्या म्हणाल्या.

बळीरामभाऊंच्या हातून ट्यूब पडली. "जागी आहेस का वं तू?"

"जागीच आहे. आन् पसंत होते तुम्ही. पहिल्या दिवसापासून."

बळीरामभाऊंनी वाकून ट्यूब उचलली. मलम त्या दिवशी जरा जास्तच लागलं.

अकराव्या दिवशी ऋषिकेश घरी आला, संत्रा बर्फीचा डबा घेऊन. सूज बरीच उतरली होती, तरी चारुताईंनी काळा चष्मा चढवला. ऋषिकेश कूलरसमोर बसला, पाणी प्याला आणि अगदी मनापासून म्हणाला, "ताई, घाई बिलकुल नका करू. आमच्या आजीचा मोतिया काढला ना, तर कितीतरी दिवस तिला सगळं निळसर दिसे. पिवळ्या साडीला पांढरी म्हणे, आणि पांढरीला तर काय म्हणावं तेच तिला समजेना. आणि तुमचं तर कामच पांढऱ्याचं. एखादी नवरी चुकीचा रंग घेऊन गेली तर बोल तुम्हाला लागेल, ते मला नाही आवडणार. म्हणून सध्या रोशनीलाच तुमच्या गादीवर बसवलं आहे. तुम्ही या, खुर्चीवर बसा, पॅकिंगकडे लक्ष द्या. पगार आहे तोच."

एकही शब्द वाईट नव्हता. तेच तर वाईट होतं. चारुताईंच्या हातातली बर्फी हातातच राहिली. ज्या गादीसाठी त्यांनी डोळ्यांवर सुरी चालवून घेतली होती, ती त्यांच्याच तोंडच्या एका शब्दाने गेली होती. त्याच क्षणी त्या खरं सांगू शकत होत्या. पण हा ऋषिकेश लहानपणी त्यांच्या गादीवर खेळलेला, एकदा तर बनारसीच्या गठ्ठ्यावर त्याने शू केलेली. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, की बाबा, मी चांगली दिसायला गेले होते? "बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

तो गेल्यावर बळीरामभाऊ म्हणाले, "सांगून टाक ना वं."

"काय सांगू? छप्पन्न वर्षांची बाई सुंदर व्हाले गेली होती?"

"तं गेलतीच ना. त्यात चोरी काय आहे?"

"हसतील लोकं."

"हसू दे. आतापर्यंत तुले झोपाळू म्हणत होते, ते चाललं का तुले?"

चारुताई रागावून आत निघून गेल्या. नवरा बरोबर बोलला की त्यांना नेहमीच राग येई.

सोळाव्या दिवशी बळीरामभाऊंनी स्कूटीवरून त्यांना इतवारीत सोडलं. तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा. एप्रिलात नागपुरातली प्रत्येक बाई तशीच फिरते, त्यामुळे कोणी वळून पाहिलं नाही. दुकानात शिरून त्यांनी दोन्ही काढून ठेवले. जांभळं गेलं होतं. पापणीवरची रेघ पावडरखाली दबली होती. डोळे मोकळे, टपोरे आणि आता दोन्हीकडे सारखेच होते. रोशनी म्हणाली, "काकू, किती फ्रेश दिसता वं!" आणि दारासमोरच्या गादीवर बसूनच राहिली, कारण तिला तसंच सांगितलेलं होतं. चारुताई पॅकिंगच्या टेबलाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या.

अकराच्या सुमारास एक नवरी आली, सोबत आई आणि मावशी. मुलगी सावळी, तजेलदार. रोशनीने तिच्यापुढे पांढऱ्या साड्यांची रास घातली आणि त्यातून कापरी उचलून तिच्या खांद्यावर टाकली. "एकदम मस्त!" मावशी म्हणाली. आई पदर चाचपत होती. मुलगी आरशात पाहत होती आणि तिचा चेहरा हळूहळू पडत चालला होता. आपल्यात काहीतरी कमी आहे असं तिला वाटत होतं, आणि कमी होतं ते साडीत.

"तो नको," खुर्चीवरून चारुताई म्हणाल्या. "तिले राखेसारखं करते तो. सायीचा काढ."

ऋषिकेश लगबगीने पुढे आला. "ताई, राहू द्या, ताण नका घेऊ." मग गिऱ्हाइकांकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "ताईंचा नुकताच मोतिया काढला आहे. रंगांचं जरा गडबडतं."

तिघींनीही चारुताईंकडे पाहिलं. नवरीची आई कळवळून म्हणाली, "हो का? जपा हो ताई."

त्या कळवळ्यानेच काम केलं. झोपाळू म्हटलेलं चारुताईंनी सोसलं होतं. कीव मात्र सोसवेना. त्या खुर्चीवरून उठल्या.

"ऋषीभाऊ, मोतिया मले झालाच नाही."

"पण काकाजीच तं मोतिया म्हणाले…" रोशनी म्हणाली.

"ती वंदनाताईची साडी होती वं, बाई! रंग सांगितला होता मी." मागच्या गादीवरचा सेल्समन फसकन हसला. चारुताई थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर पुन्हा बोलणं जमलं नसतं. "पापण्यांचं ऑपरेशन केलं मी. लोंबत होत्या, जादा कातडी कापून घेतली. आजार काहीच नव्हता."

"मग कशासाठी केलं?" ऋषिकेशने विचारलं. त्याला खरंच समजलं नव्हतं.

चारुताईंनी दारासमोरच्या गादीकडे बोट दाखवलं. "लोकायले वाटे मले झोप येते. गिऱ्हाईक उठून रोशनीपुढं जाऊन बसे. मले इथं कधीच झोप नाही आली, भाऊ. अठ्ठावीस वर्षांत एक दिवस नाही. पण किती जणांले सांगत बसू? म्हणून केलं. मले माह्या गादीवर बसाचं होतं."

आता कोणीच हसलं नाही. ऋषिकेशची मान खाली गेली. दिवाळीनंतरची ती मुलगी आणि आपलं ते हसणं त्याला आठवलं असणार, कारण त्याचे कान लाल झाले होते. रोशनीने कापरी साडी मुलीच्या खांद्यावरून हळूच काढली आणि गादीवर एका कडेला सरकून चांगली ऐसपैस जागा केली. चारुताई जाऊन तिथे बसल्या आणि त्यांनी पदर खोचला.

ऋषिकेश बिचारा अजून तिथेच उभा. दुकानदार माणूस, खात्री केल्याशिवाय त्याला राहवेना. खालच्या आवाजात, अगदी अपराध्यासारखं, त्याने विचारलं, "ताई, म्हणजे तुम्हाला… चांगलं दिसतं ना?"

चारुताईंनी डोळे वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"मले तं चांगलं दिसतच होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता मी चांगली दिसते."